वाल्मिकचा चेहरा

काळूरामतात्यांनी कर्जतहून आणलेली तसबीर सकाळपासून पडवीतल्या खुर्चीवर उभी होती. खाकी कागदात गुंडाळलेली, सुतळीनं आवळलेली. तरी ती तिथं ठेवल्यापासून घरातलं कुणी त्या खुर्चीकडं पाठ करून उभं राहत नव्हतं.

"एवढासा फोटो व्हता जत्रंतला," तात्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते. "अंगठ्याच्या नखाएवढं तोंड. स्टुडिओवाला म्हणला, अवघड हाय. मी म्हणलं, माज्या पुतण्याचं वरीस हाय, व्हायलाच पायजे. वरनं रंगबी भरून दिलाय त्यानं. भटजी आलं की उघडू."

आत चुलीपुढं भागी वड्यांचं पीठ मळत होती. हात पिठात होते आणि सगळा जीव बाहेरच्या वेळेत अडकला होता. भटजी दहाला येणार. शिळफाट्यावरनं कोल्हापूरची गाडी साडेअकराला सुटणार. या दोन्हींच्या मधे काय करायचं, हे तिनं आठ दिवसांत ठरवलं नव्हतं, आणि आता ठरवायला वेळही उरला नव्हता.

गेल्या बाजाराच्या दिवशी शिळफाट्याच्या शेडमधे चांगो ब्रशवरचा रंग पुसता पुसता म्हणाला होता, "कोल्हापुरात सिनेमाचे बोर्ड रंगवायचं काम मिळालंय. पुढच्या गुरुवारी जातोय." मग बराच वेळ त्या ब्रशकडंच बघत त्यानं विचारलं, "दोन तिकिटं काढू का?"

भागीनं हातातला ब्रश रॉकेलमधे धुतला, झाला तरी पुन्हा धुतला, आणि टोपली उचलून घरी आली. तो गुरुवार आज होता. तारखेनं वाल्मिकला जाऊन वर्ष व्हायला अजून दिवस होते. तिथीनं ते आज भरत होतं, आणि चांगोला तिथी ठाऊक नव्हती.

"भागे, पीठ पार पातळ झालं. लक्ष कुठं हाय तुजं?" ठकूआत्या मागून आली. भागीचा बाप श्रीपत आणि थोरले काळूरामतात्या या दोन भावांमधली ही बहीण, मोहोपाड्याला दिलेली. कालच वस्तीला आली होती आणि आल्यापासून तिच्या हाताखाली सगळं घर धावत होतं. "सर, मी करते. तू हात धुऊन ते नवं निळं पातळ नेस. मालोजी आलाय."

"आज, आत्ये?"

"आज काय बोलणी करायला न्हाय आला. जेवायला आलाय. माज्या दिराचा पोरगा, दुःखाच्या दिवशी भेटायला येऊ नये का?" आत्यानं आवाज खाली आणला. "कंपनीत कायम झालाय गं. खोली हाय, खोलीत नळ हाय. वरीस सरलं, आता या घरात कुणीतरी हसलं पायजे. तात्याला बी पसंत हाय."

"आणि बाला?"

"तुज्या बाला कुणी काय विचारलं की तो शेताकडं बघतो," आत्या म्हणाली आणि पिठात मूठभर रवा टाकला.

कोपऱ्यात पारूबाई सूप घेऊन बसली होती. तांदळातले खडे निवडता निवडता ती मधेच थांबे, आणि तेच मूठभर तांदूळ पुन्हा निवडायला घेई. आईचं हे असं महिनाभर चाललं होतं. एका दुपारी खळ्यावर भात झोडताना तिनं हातातली पेंढी खाली ठेवली आणि भागीला म्हणाली, "मला त्याचं तोंड आठवंना गं." नंतर रोज म्हणत राहिली. आवाज आठवतोय, चाल आठवतेय, पाटावर बसायची तऱ्हा आठवतेय. तोंड यायला लागलं की पाण्यावरच्यासारखं हलतंय. म्हणून आज पडवीतल्या त्या पुडक्याची वाट तिच्याइतकी दुसऱ्या कुणी पाहत नव्हतं. नवरा मुलाचा पिंड देणार, हे तिनं मनाला समजावलं होतं. ते कशाच्या बळावर, तर मुलगा समोर दिसेल या एका आशेवर.

भागी पातळ नेसून परसात गेली. न्हाणीच्या मागं दगडाआड रॉकेलची बाटली होती. नखांतला रंग काढायला ती बाजाराहून आल्यावर हीच बाटली वापरायची. आज नखं स्वच्छ होती; तरी तिनं ती निरखून पाहिली. वर्षभरात ही सवयच लागली होती.

वाल्मिक शिळफाट्याला ट्रक रंगवायचा. घाट चढायच्या आधी गाड्या तिथं थांबत. गॅरेजच्या मागं पत्र्याच्या शेडमधे तो आणि चांगो फळ्यांवर मोर, कमळं, ड्रायव्हरच्या पोरांची नावं काढत बसत. चांगो पेणच्या गणपती-कारखान्यात हात बसवून आलेला, जातीतलाच, पण ना शेत ना घर ना मागंपुढं माणूस. एके दिवशी वाल्मिकच्या पायात गंजका पत्रा गेला. चांगोनं टर्पेंटाइनचा बोळा बांधला आणि दोघं परत कामाला लागले. आठव्या दिवशी वाल्मिकचा जबडा उघडेना. धनुर्वातानं तीन दिवसांत बावीस वर्षांचा मुलगा गेला. खांदा द्यायला चांगो आला तेव्हा तात्यांनी त्याला सगळ्या गावासमोर ढकलून दिलं. तेव्हापासून त्याचं नाव या घरात निघालं नव्हतं.

महिन्याभरानं भागी वालाच्या शेंगांची टोपली घेऊन बाजाराला गेली ती भावाचे ब्रश मागायला शेडमधे शिरली. चांगोनं ब्रश दिले. समोर एका ट्रकची फळी टेकवलेली होती. तिच्यावर वाल्मिकनं काढायला घेतलेला मोर, पिसारा अर्धाच. चांगो म्हणाला, मला हात लावायला होत नाय. भागी खाली बसली आणि तिनं पिसारा पुरा केला. घरी परसात वाल्मिक तिच्याकडून पानं-फुलं गिरवून घ्यायचा, हे चांगोला माहीत होतं. ती इतकं काढेल हे माहीत नव्हतं.

त्यानंतर प्रत्येक बाजारी एक तास. फारसं बोलणं नसे. पूर्वी ती त्याला चांगोदादा म्हणायची. त्यातला दादा या वर्षात कधी गळला ते तिला कळलं नाही, आणि नुसतं नाव घ्यायचा धीर झाला नाही, म्हणून ती त्याला "ऐका ना" म्हणे. एकदा रेघ थरथरली तेव्हा त्यानं तिचं मनगट धरलं, रेघ पुरी होईपर्यंत. रेघ संपल्यावर दोघांनाही काय करावं सुचलं नाही. घरी येताना ती दोनदा वाट चुकली.

*

भटजी आले. पाट मांडले गेले. तात्यांनी सुतळी सोडली आणि तसबीर खुर्चीवरच भिंतीला टेकवली.

कागद निघाला तसं पडवीत सगळं थांबलं.

चौकटीत एक देखणा तरुण होता. त्याला कोट होता, टाय होता. गाल गुलाबी, भांग सरळ, ओठ मिटलेले. वाल्मिकनं जन्मात कोट घातला नव्हता. त्याचा पुढचा दात जरासा बाहेर असायचा, त्यामुळं ओठ कधी पुरते मिटत नसत. तो दात स्टुडिओवाल्यानं आत घातला होता. डाव्या भुवईत लहानपणच्या जखमेची खाच होती. ती भरून भुवई सलग केली होती.

"कोट काय सुंदर दिसतोय," आत्या म्हणाली. आवाजात जोर नव्हता.

पारूबाई उंबऱ्यापर्यंत आली. बराच वेळ तिनं बघितलं. मग विचारलं, "ह्यो कोण?"

"पारू, असं काय बोलतेस?" तात्या म्हणाले. "फोटो मोठा केला की थोडं इकडंतिकडं व्हतं."

पंचवीस वर्षांत पारूबाई थोरल्या दिरासमोर मोठ्यानं बोलली नव्हती. आज तिच्या डोक्यावरचा पदरही ढळला होता आणि तिला त्याचं भान नव्हतं. "ह्यो माजा वाल्मिक न्हाय. कुणाचा पोरगा उचलून आणलात? ज्याचं तोंड मला आठवंना त्याचं वरीस कसं घालू? मी न्हाय बसायची पाटावर."

ती आत गेली आणि माजघरात भिंतीकडं तोंड करून आडवी झाली.

तात्यांचा चेहरा उतरला. ते मनापासून हिंडले होते, स्टुडिओच्या पायऱ्या चढले-उतरले होते, आणि आता मोहोपाड्याच्या पाहुण्यासमोर हे. "श्रीपत, बायकोला समजाव," ते म्हणाले.

श्रीपत उघड्या अंगानं, हातात दर्भ घेऊन उभा होता. तो समोरच्या शेताकडं बघत राहिला.

"मी बारापर्यंत थांबतो," भटजी म्हणाले. "त्यापुढं मला चौक गावाला जायचंय. बाईंना समजवा, पण जोर करू नका."

भागी आईजवळ बसली. पारूबाईचे खांदे हलत नव्हते, म्हणजे ती रडतही नव्हती. "आये," भागीनं हाक मारली.

"गेला गं," पारूबाई भिंतीला म्हणाली. "आता खरा गेला."

शिळफाट्याला शेडच्या भिंतीवर, रंगाच्या डब्यांच्या वर, वाल्मिक होता. भागीनं त्याला सिमेंटच्या कागदांवर किती वेळा काढला आणि फाडला याची गणती नव्हती. शेवटी चांगो म्हणाला होता, डोळ्यांपासून धरू नको, ते आपल्याकडं बघायला लागतात आणि मग हात चालत नाय. कपाळापासून खाली ये. त्या वेळी तो जमला. पत्र्यावर, ट्रकच्या तेलरंगात. ती तसबीर इथं आणायची तर कुठून आणली हे सांगावं लागणार. कुणी काढली, कुठं बसून काढली, किती दिवस. मालोजी पडवीत बसला होता. तात्या पडवीत बसले होते. आणि चांगो तर पेटी बांधून उभा असेल. शेडला कुलूप लागलं की तसबीर आत आणि चावी कोल्हापुरात.

घड्याळात दहा पस्तीस झाले होते.

"केळीची पानं कमी पडतील," ती आत्याला म्हणाली. "घेऊन येते." आणि परसदारानं बाहेर पडली.

*

वालाच्या वाफ्यांमधून, मग बांधावरून, मग कालव्याच्या कडेनं. निळं पातळ चिखलानं भरलं. सडकेवर आल्यावर धावता येईना, कारण लोक बघत होते, आणि चालवेनाही. तिला एकच दिसत होतं, कुलूप.

कुलूप लागलेलं नव्हतं. चांगो पत्र्याच्या पेटीवर बसला होता, शेजारी वळकटी. अंगात धुतलेला सदरा. तिला दारात बघून तो उठला. तिचं नवं पातळ, मोकळा पडलेला अंबाडा, लागलेली धाप, सगळं त्यानं पाहिलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते भागीनं त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

"आलीस," तो म्हणाला.

भागीला वाटलं, या एका शब्दासाठी आपण इथपर्यंत धावत आलो असतो तर किती सोपं झालं असतं.

"तसबीर पायजे," ती म्हणाली. "दादाची. आज तिथीनं वरीस हाय. तात्यांनी आणलेली आयेला वळखू येत नाय. ती पडून राहिलीय."

चांगोनं मान खाली घालून पेटी पायानं बाजूला सरकवली आणि भिंतीवरचा पत्रा उतरवला. "काल व्हार्निश मारलं मी याला. अजून चिकट हाय. कडेनं धरावं लागंल."

"मी धरते."

"एकटीला नाय जमायचं. वाऱ्यावर फडफडंल, हात लागंल." त्यानं एक कड धरली. "दोघं पायजेत."

"तुमी नका येऊ. तात्या मारतील तुमाला."

"मारू देत."

"गाडी जाईल."

"जाऊ दे," तो म्हणाला, पण ते म्हणताना सडकेकडं बघितलं.

ते निघाले. एका बाजूला ती, एका बाजूला तो, मधे वाल्मिक. नाक्यावरच्या चहावाल्यानं उठून पाहिलं. भाजीवाल्या बायकांनी पाहिलं. आता हे लपायचं नव्हतं. संध्याकाळपर्यंत गावात, सारसोलीत तर काय, खालापुरापर्यंत पोचणार होतं. भागीची पावलं चुकत होती आणि ते चांगोला पत्र्यातून कळत असणार, कारण त्यानं चाल हळू केली. मागून कोल्हापूरची गाडी आली, त्यांच्या अंगावर धूळ उडवून गेली. दोघांनीही एकमेकांकडं बघितलं नाही.

बांधावर आल्यावर तो म्हणाला, "मी काढली म्हणून सांगतो. तू वाटेत भेटलीस, मला एकट्याला धरता येत नव्हती, म्हणून हात लावलास. तुज्यावर काय येणार नाय."

"आणि तुमच्यावर?"

"माज्यावर आधीच सगळं हाय."

ते खरं होतं, आणि वाट सोपी होती. भागी घर दिसेपर्यंत त्यावर विचार करत राहिली.

*

अंगणात शिरताना आधी आत्यानं त्यांना पाहिलं. तिच्या हातातला वडा हातातच राहिला. मग तात्या उठले.

"तू?" ते पायरी उतरून आले. "या दारात? आज?"

"मारायचं तर मारा तात्या," चांगो म्हणाला. "आधी हे खाली ठेवू द्या."

त्यांनी पत्रा खुर्चीवर, कोटवाल्या तरुणाच्या पुढं, टेकवून ठेवला.

बनियन घातलेला वाल्मिक, खांद्यावर रंगाचं फडकं. कुणीतरी हाक मारल्यावर बघावं तसा वळून बघणारा. ओठ थोडे उघडे, दात दिसणारा. भुवईत खाच.

मालोजी नकळत उभा राहिला. भटजींनी चष्मा पुसला. आत्या दारातून म्हणाली, "अगं बाई," आणि माजघराकडं वळून ओरडली, "पारू! ऊठ! अगं ऊठ, हिकडं ये!"

पारूबाई आली. खुर्चीपुढं ती उभी नाही राहिली, खालीच बसली. हात पुढं केला, चांगो म्हणाला, "ओला हाय आये," तसा तो हात हवेतच थांबला आणि गालाच्या पुढं, न टेकता, तसाच राहिला.

"आला," ती म्हणाली. "दात बघ. मेला, तोंड मिटत न्हाय कधी."

आणि वर्षभरात पहिल्यांदा ती घळाघळा, मोठ्यानं रडली.

तात्यांनाही पत्र्यावरून नजर काढता येईना. पण मागं त्यांची कोटवाली तसबीर झाकून गेली होती आणि अंगणात तो माणूस उभा होता. "कुणी काढलं हे?" त्यांनी विचारलं.

"मी," चांगो म्हणाला.

पारूबाईनं पदरानं डोळे पुसले. "तू? भुवईतली खाच नाकाकडं कलती हाय ती तुला बरी ठाऊक. मी आय असून विसरले व्हते."

ती खाच भागीनं पाडली होती. ती चार वर्षांची असताना, रुसून, हातातला तांब्या भिरकावून. वाल्मिकनं आईला सांगितलं होतं, पायरीवर पडलो.

"मी काढलं," भागी म्हणाली.

आवाज तिला स्वतःलाच परका वाटला. "हे खोटं सांगतात. मी काढलं. शिळफाट्याला, शेडमधे बसून. वर्षभर जाते मी. बाजाराच्या दिवशी. शेंगा लवकर विकते आणि जाते."

आत्या पुढं आली. "वर्षभर? म्हंजे मी तिकडं मोहोपाड्यात तुजं गुणगान गातेय आणि तू हिकडं..." तिनं हात उगारला. उगारलेला हात खाली येता येता तिची नजर पुन्हा पत्र्यावर गेली. तिनं हात तोंडावर धरला आणि पारूबाईजवळ जाऊन बसली.

"ज्यानं पोराला मारलं त्याच्याकडं," तात्या म्हणाले. आता ते ओरडत नव्हते आणि ते जास्त भयंकर होतं. "मालोजी, तू ऐकलंस. पाव्हणा हायेस, तूच सांग, अशी पोरगी घरात घेशील?"

मालोजी अवघडला. त्यानं टोपी काढली, पुन्हा घातली. "मला कशाला विचारता तात्या? आज दिवस कुणाचा आहे? त्याचा होऊ द्या."

"मी मारलं नाय," चांगो मधेच म्हणाला. तो तात्यांशी बोलत नव्हता, पारूबाईशी बोलत होता. "पण बोळा मी बांधला आये. टर्पेंटाइनचा. दवाखान्यात चल म्हणायला पायजे व्हतं, मी नाय म्हणलं. गाडी दुसऱ्या दिवशी द्यायची व्हती. मला वाटलं, काय व्हतंय. रोज वाटतं, त्याला पाठीवर घालून नेला असता तर."

पारूबाई त्याच्याकडं बघत राहिली. भागीला वाटलं, आता आई शाप देणार.

"दुखलं का रं त्याला?" तिनं विचारलं.

"त्या दिवशी नाय. हसला उलट. म्हणाला, आयेला कळू देऊ नको, ती हळद बांधून चार दिवस घरात कोंडील."

"कोंडलाच असता," पारूबाई म्हणाली. रडता रडता तिला हसू फुटलं, आणि त्या हसण्यानं पुन्हा रडू आलं. "अजून काय म्हणाला? सगळं सांग मला. बस हितं."

"तो हितं बसणार न्हाय," तात्या म्हणाले. "श्रीपत, तो बसला तर मी उठतो. आणि तुज्या पोरीचं काय करायचं ते आत्ताच्या आत्ता ठरव."

श्रीपत अजून दर्भ धरून होता. भागीनं त्याच्याकडं बघितलं आणि तो शेताकडं बघणार म्हणून डोळे मिटून घेतले.

"दादा, मला ठाऊक व्हतं," तो म्हणाला.

"काय ठाऊक व्हतं?"

"पोरीचं. पावसाळ्यात कधीतरी नखात हिरवा रंग दिसला. मग एकदा तिच्या मागं गेलो. शेडच्या भिंतीआड उभा राहिलो." श्रीपत अडखळत, एकेक शब्द उचलून ठेवावा तसा बोलत होता. "ती भावाला काढत व्हती आणि फाडत व्हती. दुसरं काय चाललं नव्हतं तिथं. मी परत आलो. परसातली रॉकेलची बाटली संपू दिली न्हाय, तेवढंच केलं."

भागीनं डोळे उघडले. ती बाटली संपत कशी नाही, हा प्रश्न तिला वर्षभरात एकदाही पडला नव्हता.

"म्हंजे मला तू फसवलंस," तात्या म्हणाले. "सख्ख्या भावाला. मी गावात छाती काढून सांगायचं, त्या माणसाचं तोंड बघणार न्हाय, आणि तू भिंतीआडनं बघत व्हतास."

"व्हय दादा."

तात्या खुर्चीजवळ गेले. पत्र्याला हात न लावता त्यांनी मागची कोटवाली तसबीर काढली, काखेत मारली आणि वहाणा घातल्या. "उद्यापासनं खळं वेगळं," ते म्हणाले. दाराशी ते जरा थांबले, भागीला वाटलं मागं वळतील. पण त्यांनी फक्त काखेतली चौकट नीट केली.

बारा वाजायला आले होते. "बसायचं का?" भटजींनी हळूच विचारलं.

पारूबाई पाटावर बसली. श्रीपतनं मुलाचा पिंड दिला. आज त्याची नजर समोर होती.

पंगतीला चांगो मालोजीच्या शेजारी होता. मालोजीनं त्याला मीठ पुढं केलं. आत्यानं दोघांनाही न विचारता वाढलं, आणि भागीच्या अंगावरून जाताना तिला कोपरानं ढोसलं. त्यात राग होता की माया, भागीला कळलं नाही. जेवणं झाल्यावर पारूबाई चांगोला समोर बसवून एकेक विचारत राहिली. शेवटच्या आठवड्यात काय जेवला. कुठलं गाणं म्हणत होता. चांगो आठवून आठवून सांगत होता.

दुपार कलल्यावर श्रीपत त्याला घेऊन बांधावर गेला. भागी परसदारात उभी राहिली. दोघं लांब होते; बोलणं ऐकू येत नव्हतं. बोलत होता तोही श्रीपतच, आणि एवढा वेळ बोलताना तिनं बापाला आयुष्यात पाहिलं नव्हतं. मग चांगो वाकला, श्रीपतच्या पाया पडला आणि सडकेच्या दिशेनं चालू लागला. संध्याकाळची एक गाडी होती.

घराकडं त्यानं एकदाच बघितलं. भागी हात वर करणार होती, पण पडवीत सगळे होते.

*

पुढच्या बाजाराला ती टोपली भरून निघाली तेव्हा श्रीपत पायरीवर वाट बघत बसला होता. त्याच्या हातात शेडची चावी होती, चांगो नाक्यावरच्या चहावाल्याकडं ठेवून गेला होता ती.

"खळ्यावर झोडणी राहिलीय ना, बा?"

"राहू दे."

तो पुढं, ती मागं. गावातल्या बायका विहिरीवर बोलायच्या थांबल्या. तात्यांच्या दारावरून जाताना श्रीपतनं पाऊल हळू केलं. दार लावलेलं होतं. कालव्यापाशी भागीला राहवेना.

"त्यांना काय सांगितलंत तुमी त्या दिवशी?"

"पुढच्या मार्गशीर्षात ये म्हणलं. चार माणसं घेऊन ये, रीतीनं. तोवर पोरीच्या वाटेला यायचं न्हाय."

भागीनं डोक्यावरची टोपली सावरली. "मग? काय म्हणाले?"

"बोलला न्हाय काय. मान हलवली."

"होय म्हणून, का नाय म्हणून?"

श्रीपतनं बराच विचार केला. खोटं सांगायची त्याला सवय नव्हती. "मला नीट दिसलं न्हाय गं," तो म्हणाला. "ऊन डोळ्यावर व्हतं."

शेड उघडली. धुळीचा आणि तेलाचा वास आला. भागीनं डबे पुसले, ब्रश मोकळे केले. श्रीपत दारात एका उपड्या पिंपावर बसला, हात गुडघ्यांवर ठेवून, जत्रेत हरवू नये म्हणून एका जागी बसवलेल्या माणसासारखा. वर्षभराचे दिवस समोर उभे होते. ते कसे जातील, त्यांच्या टोकाला कुणी असेल का, भागीला काही कळत नव्हतं.

घाटाकडून एक ट्रक आला आणि थांबला. ड्रायव्हर उतरला. तो परमुलखातला होता, त्याला इथलं काही ठाऊक नव्हतं. मागची फळी नवी घातलेली, कोरी होती. त्यानं आत डोकावून पाहिलं. एक पोरगी दिसली. दारातला म्हातारा दिसला.

"पेंटर कुठं गेला, बाबा?"

श्रीपत पिंपावरून उठला. त्यानं धोतर झटकलं, घसा खाकरला. भागीच्या हातातला ब्रश थांबला.

"कुठं न्हाय गेला," श्रीपत म्हणाला. "ती काय, आत हाय. माजी मुलगी. काय काढायचं ते तिला सांगा."

ड्रायव्हरनं एकदा त्याच्याकडं, एकदा तिच्याकडं बघितलं. मग तो फळी सोडवायला गेला.